पाच नंबरच्या मार्गावरचे पांढरे घर

दंतवैद्यांनी साहेबांची दाढ अर्धी कोरली, तीत कापूस भरला, "सोमवारी या, पुरी करतो," असे सांगितले आणि रविवारी ते सायकल घेऊन फिरायला गेले. त्याला आता तीन आठवडे झाले होते. साहेब पर्यटन कार्यालयात उजवा गाल हातात धरून बसत, डाव्या बाजूने बोलत, आणि कुणी टेबलावर फाईल जरा जोरात ठेवली तरी कळवळत.

त्यामुळे दंतवैद्यांची बहीण कार्यालयात आली तेव्हा साहेबांनी स्वतः उठून तिला खुर्ची ओढून दिली. भावाच्या दवाखान्यात रुग्णांना नंबर देण्याचे काम ती करी आणि सगळे तिला ताई म्हणत. तिने पर्समधून दोन गोष्टी काढल्या. कार्यालयानेच छापलेली सायकलमार्गांची पुस्तिका आणि एक पत्र.

"दादानं यातला पाच नंबरचा मार्ग धरला होता," ताई म्हणाली. "तळ्यांच्या कडेनं जाणारा. आणि आता हे पत्र. म्हणे मी मजेत आहे. पांढऱ्या घरात आहे. बाई फार प्रेमळ आहेत, उठावंसंच वाटत नाही. घरी कधी येणार, त्याचं एक अक्षर नाही! इकडं दवाखान्यात एकवीस जण गाल धरून बसलेत हो."

"बावीस," साहेब म्हणाले आणि त्यांनी फूटपट्टींना बोलावून घेतले.

फूटपट्टी म्हणजे कार्यालयाचे नकाशे काढणारे आरेखक. सव्वीस वर्षांत त्यांची एक रेघ वाकडी गेली नव्हती म्हणून लोकांनी पाठीमागे ठेवलेले हे नाव, आणि ते त्यांना मनातून आवडे. पुस्तिकेतले आठही मार्ग त्यांच्याच हातचे. पांढऱ्या घराचे नाव निघताच मात्र त्यांना दरदरून घाम फुटला. कारण तसे घर तिथे नव्हते. ते त्यांनी टेबलावर बसून मनाने काढले होते.

त्याचे असे झाले होते. मोजणीचे दोन जुने नकाशे एकमेकांना जुळेनात. शेजारी शेजारी ठेवले की मध्ये दोन बोटे जागा कोरी राही आणि पाच नंबरचा मार्ग नेमका तिथूनच जाणार होता. छापखान्याचा माणूस दारात येऊन घड्याळ बघत उभा. फूटपट्टींनी उभ्या नोकरीत पहिल्यांदा मन घट्ट केले आणि त्या कोऱ्या जागेत एक अरुंद रस्ता ओढून त्यावर लाल शाईने बाण काढला. पेनात निळी शाई उरली होती म्हणून एक तळे काढले. रबरी शिक्क्याने तीन झाडे उठवली. तरी मोकळे मोकळे वाटे, म्हणून एक पांढरे घर. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले: 'येथे पाणी मिळते. बाई प्रेमळ आहेत. उठावेसे वाटत नाही.'

पुस्तिका निघाली आणि कार्यालयात पत्रे येऊ लागली. सगळी पाच नंबरच्या मार्गाची तारीफ करणारी. पाकिटांना ना तिकीट, ना शिक्का. सकाळी कुलूप उघडले की ती फूटपट्टींच्या टेबलावर असत. लोकांना न पाहिलेल्या गोष्टींचेही कौतुक करायची सवय असते, अशी मनाची समजूत घालून ते ती खणाच्या तळाशी कोंबत.

"मार्ग तुमचा, तेव्हा डॉक्टरांना तुम्हीच घेऊन या," साहेबांनी फर्मावले.

"पण साहेब, मला सायकल येत नाही."

"आठ सायकलमार्ग काढलेत की हो तुम्ही!" साहेब ओरडले आणि लगेच दोन्ही हातांनी गाल धरून खाली बसले.

"आमच्याकडं जोडसायकल आहे," ताई म्हणाली. "तुम्ही मागं बसून पायडल मारा. तोल मी सांभाळते."

रविवारी सकाळी सहाला दोघे निघाली. फूटपट्टींनी बगलेत पुस्तिका, कानावर पेन्सिल आणि डोळ्यांत भीती घेतली होती. पहिला चढ संपेपर्यंत त्यांचे पाय पायडलवर आहेत की पायडल त्यांच्या पायांवर, हे त्यांना कळत नव्हते. टेकडीमागून टेकडी येत होती आणि दोन टेकड्यांच्या मध्ये एकेक तळे धुक्याखाली झाकलेले होते. धरणाच्या भिंतीशी ताई पाणी प्यायला थांबली, तेव्हा फूटपट्टींना राहवेना.

"ताई, एक सांगायचंय. ते घर तिथं नाही. मी ते थापलंय."

ताईने बाटली खाली घेतली. "म्हणजे?"

"म्हणजे मी तिथं कधी गेलोच नाही. रस्ता जुळत नव्हता, म्हणून जुळवला. घरसुद्धा, बाईसुद्धा."

"मग माझा दादा तीन आठवडे कुणाकडं राहिलाय?"

फूटपट्टींनी बगलेतली पुस्तिका घट्ट धरली. "यापुढं न पाहिलेली एक रेघ काढणार नाही," ते म्हणाले. "शपथ घेतो."

"शपथ मग घ्या. आधी पायडल मारा," ताई म्हणाली. तिने हँडल धरलेही होते.

धरण मागे पडले आणि आणखी एक वळण गेले. चाकांचा आवाज थांबला. सायकल पळत होती, साखळी फिरत होती, पण खालून काही ऐकू येत नव्हते. रस्त्यावर मधोमध एक लांबलचक लाल बाण उमटलेला होता. ताईने उतरून त्याला बोट लावले. बोट लाल झाले.

"ओला आहे हो."

"माझी लाल शाई वाळायला वेळच लागतो," फूटपट्टी पुटपुटले आणि आपण काय बोललो हे कळताच त्यांनी जीभ चावली.

पुढे तीन झाडे दिसली. तिन्ही हुबेहूब सारखी. तिन्हींचीही डावीकडची एकच फांदी अर्धी गायब होती, कारण शिक्क्याचे रबर तेवढे झिजलेले होते. तळे निळे होते, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखे निळे, त्यावर ना तरंग, ना आभाळाचे प्रतिबिंब. आणि काठावर ते घर. दोन खिडक्या, एक दार. फूटपट्टी उतरून घराच्या मागे डोकावले आणि आले तसे परतले. मागे भिंत नव्हती, अंगण नव्हते, काहीच नव्हते. नुसते पांढरे. मागची बाजू त्यांनी काढलीच नव्हती.

दार उघडून उंच, थकलेली बाई बाहेर आली. तिने हसून दोघांच्या हातात पाण्याचे पेले दिले आणि मग फूटपट्टींच्या कानावरची पेन्सिल तिच्या नजरेस पडली.

"तुम्हीच का ते?" ती हळूच म्हणाली. "बरं सापडलात. सतरा माणसं बसलीत घरात. एकालाही उठवत नाही."

"तुम्ही त्यांना जा म्हणा ना," ताई म्हणाली.

"कसं म्हणू? प्रेमळ आहे ना मी! यांनीच लिहून ठेवलंय. सकाळी ठरवते, आज एकेकाला हाकलते. आणि तोंडातून निघतं काय, तर 'बसा हो, घाई काय आहे!'" तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण तोंडावरचे हसू जाईना.

आत सतरा सायकलस्वार भिंतींना टेकून बसले होते, चेहऱ्यांवर अपार समाधान. दंतवैद्य खिडकीशी होते. ताई धावत त्यांच्याकडे गेली.

"दादा, चल घरी!"

"आलीस? बस की. काय सुरेख वाटतं इथं."

"अरे, तीन आठवडे झाले! काय खातोस तरी काय?"

"भूकच लागत नाही गं." दंतवैद्य निवांत म्हणाले. भूक लागते असे पुस्तिकेत कुठेच लिहिलेले नव्हते. ताईने त्यांचा हात धरून ओढले. हात आला, दादा आला नाही. तो हात इतका हलका आणि कोरडा लागला की तिने घाबरून सोडूनच दिला. त्यांच्या बोटांच्या कडा पुसट झाल्या होत्या.

"साहेबांची दाढ अर्धी आहे," फूटपट्टींनी आठवण करून दिली.

"होईल सावकाश," दंतवैद्य म्हणाले.

आधी मदत आणावी म्हणून दोघांनी जोडसायकल उलटी वळवली आणि जिवाच्या आकांताने धुक्यात घातली. दहा मिनिटांनी समोर तेच दार आले, आणि दारात तीच बाई दोन पेले घेऊन उभी.

"बाण एकाच दिशेचा आहे ना," ती म्हणाली. "आत यायचा रस्ता काढलात. बाहेर जायचा राहिला."

फूटपट्टींनी पुस्तिका उघडली. खरेच होते. रस्ता पानाच्या घडीत शिरला होता आणि पलीकडच्या पानावर भलत्याच ठिकाणी वर आला होता.

"मग काढा की!" ताई म्हणाली. "पेन्सिल आहे ना कानावर?"

"कुठं नेऊ पण? एकदा न पाहता काढला, त्याचं हे झालं. आता पुन्हा कुठंतरी नेला तर तिथून कोण सोडवणार?"

"तुम्ही पाहिलेलं असं काहीच नाही का हो या जगात?"

प्रश्न झोंबणारा होता. फूटपट्टी डोके धरून बसले. सव्वीस वर्षे ते बसमध्ये नकाशात डोके खुपसून कार्यालयात जात होते. गावातला एक रस्ता त्यांना खात्रीने सांगता आला नसता. मग त्यांना आठवले की मागच्या उन्हाळ्यात कपड्यांची दोरी बांधायची म्हणून त्यांनी घरामागचे अंगण टेप लावून मोजले होते. चार मीटर वीस बाय तीन मीटर पाच. आयुष्यात स्वतः पाहून, मोजून घेतलेली तेवढीच एक जागा.

त्यांनी आधी 'उठावेसे वाटत नाही' यावर काट मारली. मग पांढऱ्या घराच्या दारापासून आपल्या अंगणापर्यंत रस्ता ओढला. टेबल नव्हते, पुस्तिका मांडीवर होती. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वाकडी रेघ.

आत एकदम कल्लोळ झाला. "अरे बापरे, किती वाजले?" "माझी बायको!" "माझे पेशंट!" असे ओरडत सतराही जण सायकली घेऊन बाहेर आले. समोर पेन्सिलच्या करड्या रंगाचा रस्ता पडला होता, नागमोडी. पण पुस्तिकेचे पान सारखे गुंडाळले जात होते आणि ते गुंडाळले की रस्त्याचे टोकही वर उचलले जात होते.

"कुणीतरी पान धरून ठेवायला हवं," फूटपट्टी म्हणाले.

"द्या इकडं, मी धरते," बाई म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मला कुठं जायचंय? घर रिकामं झालं की जरा केर काढीन."

फूटपट्टींची बायको घरामागे चादर वाळत घालत होती. चादरीमागून आधी दंतवैद्य निघाले, मग ताई आणि जोडसायकल, मग सोळा अनोळखी पुरुष आणि शेवटी नवरा.

"ही कुठली वरात आणलीत?" ती म्हणाली. "चिखलाचे पाय घेऊन स्वयंपाकघरातून जायचं नाही, सांगून ठेवते!"

फूटपट्टींनी मागे वळून पाहिले. रस्त्याच्या टोकाला बाई पुस्तिका धरून उभी होती. तिने ती मिटली, आणि तिथे शेजाऱ्यांची भिंत होती. ताई दादाचा हात दाबून दाबून बघत होती आणि रडत होती. हात आता चांगला जड लागत होता.

सोमवारी साहेबांची दाढ पुरी झाली. आठवडाभरात एकवीस गालही मोकळे झाले. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत फूटपट्टींनी पाच नंबरचा मार्ग धरणापाशीच संपवला आणि दोन बोटे जागा प्रामाणिकपणे कोरी सोडली. कुठूनही रस्ता नाही, बाण नाही, तळे नाही. पण बाईची त्यांना चुटपुट लागली होती. एकटी, बिनमागच्या घरात. म्हणून त्या कोऱ्या जागेच्या मधोमध त्यांनी, 'प्रेमळ' वगैरे काही न लिहिता, मुंगीएवढे घर ठेवले, त्याला मागची बाजू काढून दिली, छोटा ओटा दिला आणि ओट्यावर एक खुर्ची. भिंगाशिवाय ती कुणाला दिसलीही नसती.

आवृत्ती निघाल्यावर दहा दिवसांनी सकाळी त्यांच्या टेबलावर पाकीट होते. ना तिकीट, ना शिक्का. त्यांनी उभ्या उभ्याच फोडले.

'खुर्च्या मिळाल्या,' बाईने लिहिले होते. 'दोन काढल्यात हे फार बरे केलेत. काल संध्याकाळपासून डॉक्टरही इथेच बसले आहेत. मी त्यांना जा म्हणते आहे, आता मला म्हणता येते. पण ते म्हणतात, कुठून जाऊ?'

फूटपट्टींनी भिंग काढून नकाशा पाहिला. खुर्ची एकच होती. त्यांनी पुन्हा मोजली. मग दवाखान्याला फोन लावला.

एकच घंटा वाजली. "तुम्हीच ना?" पलीकडून ताई म्हणाली. "मी आत्ता तुम्हालाच फोन करत होते."