लक्ष्मणरावांचा जबडा

"आता तरी जा," अर्चनाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पत्रिका आली म्हणजे दार उघडं आहे. रविवारच्या आत जाऊन माफी मागून या. नाहीतर रविवारी मी एकटी जाईन, आन कोणी विचारलं तर खरं काय ते सांगीन."

पत्रिका साधीच होती. शशिकांतची मुलगी रुचिरा दातांची डॉक्टर होऊन नागपूरहून जबलपूरला परतली होती आणि तिथल्या सदर बाजारात रविवारी तिच्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. पाकिटावर हातानं लिहिलं होतं, 'श्री. लक्ष्मणराव वैरागडे सर आणि परिवार.' ज्या घराशी अकरा वर्षं बोलणं नाही, त्या घरानं आपल्याला 'सर' लिहावं हे लक्ष्मणरावांना एखाद्या शिवीपेक्षा जास्त लागलं.

लक्ष्मणरावांनी बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं आणि कवटीचा धडा हा त्यांचा हुकमी एक्का होता. माणसाच्या कवटीत बावीस हाडं, त्यातली एकवीस मुकाट्यानं एकमेकांना धरून बसतात, हलतं ते एकच, खालचा जबडा. जगातली सगळी भांडणं त्या एका हाडानं लावलेली आहेत, असं ते सांगत. वर्गात दरवर्षी हशा पिकायचा. ज्याला हशाची सवय लागते त्याला पुढे कुठे थांबावं ते कळत नाही, आणि लक्ष्मणरावांना तर वर्गाबाहेरही कळत नसे.

अकरा वर्षांपूर्वी मंडळाच्या गणेशोत्सवात बक्षिसं द्यायला त्यांना बोलावलं होतं. रुचिरा तेव्हा बारावीत होती. वक्तृत्वात तिचा दुसरा नंबर आला होता आणि शाळेच्या पहिल्या चाचणीत जीवशास्त्रात ती नापास झाली होती. लक्ष्मणरावांनी बक्षीस हातात दिलं आणि माइक तोंडापाशी धरून म्हणाले, "हिच्या कवटीत हाडं बावीसच आहेत, मी मोजून सांगतो. आत काय आहे ते मात्र शास्त्राला अजून सापडलेलं नाही." सभागृह पोट धरधरून हसलं. शशिकांत तिसऱ्या रांगेतून उठला, त्यानं मुलीचा हात धरला आणि तो निघून गेला. वीस वर्षं हे दोघे मित्र दर रविवारी नर्मदेच्या ग्वारीघाटावर फिरायला जात. त्यानंतरचा एकही रविवार दोघांनी मिळून पाहिला नाही.

आपलं चुकलं हे लक्ष्मणरावांना घरी पोचायच्या आतच कळलं होतं. उद्या जाऊ, असं त्यांनी ठरवलं. मग परवा. मग परीक्षा, मग दिवाळी. माफीचं दुधासारखं असतं, ताजी असतानाच द्यावी लागते. पुढे पुढे तर नुसतं इतके दिवस का गेलो नाही याचीच लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेपोटी आणखी वर्षं गेली.

पण शिक्षक तो शिक्षक. त्यांनी माफीची तयारी केली. प्रस्तावना, तीन मुद्दे आणि समारोप. बुधवारी सकाळी न्हाणीघरातल्या आरशासमोर त्यांनी दोन वेळा पूर्ण भाषण केलं. बाहेरून अर्चनाबाई म्हणाल्या, "मुद्दे कमी करा. नळ जाऊन राहिला."

शशिकांतचं घर त्याच गढा मोहल्ल्यात, दोन गल्ल्या पलीकडे. दार ज्योतीवहिनींनी उघडलं. शशिकांत आरामखुर्चीत पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला नाही, पण "बस" म्हणाला. अकरा वर्षांत मिळालेला हा पहिला शब्द. लक्ष्मणराव बसले आणि त्यांनी घसा खाकरला.

"शशिकांत, आज मी एका विशिष्ट हेतूनं..."

"थांबा भाऊजी," ज्योतीवहिनी म्हणाल्या. "आधी तोंड गोड करा. मग बोला काय बोलायचं ते."

त्या आतून ताटली घेऊन आल्या. ताटलीत खोव्याची जिलबी होती, जबलपुरात मिळते तशी, काळपट, जाडजूड, तळहाताएवढी. ज्योतीवहिनींच्या माहेरी एक रीत होती. भांडण मिटवताना गोड भरवायचं ते अख्खं भरवायचं. तुकडा मोडून भरवला तर भांडणाचाही तुकडा शिल्लक राहतो. त्यांनी ताटली नवऱ्यापुढे धरली. शशिकांत पेपर ठेवून उठला, अख्खी जिलबी उचलली आणि लक्ष्मणरावांसमोर येऊन उभा राहिला.

लक्ष्मणरावांना भरून आलं. हा माणूस आपल्याला स्वतःच्या हातानं भरवतोय म्हटल्यावर आपणही कमी पडायचं नाही, असं वाटून त्यांनी तोंड जेवढं उघडता येईल तेवढं उघडलं, आणि मग त्याहून थोडं जास्त. जिलबी आत गेली. कानांच्या पुढे दोन्ही बाजूंना टक्, टक् असं वाजलं, आणि तोंड मिटेना.

काय झालं ते त्या घरात एकट्या लक्ष्मणरावांना कळलं होतं. खालच्या जबड्याच्या दोन गोट्या कानापुढच्या खोबणीतून सरकून पुढे अडकल्या होत्या. त्यांनी हे बत्तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. आता सांगायला मात्र तोच जबडा लागत होता. "आ," ते म्हणाले. दुखण्यानं त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

शशिकांतनं ते पाणी पाहिलं आणि त्याचा अकरा वर्षांचा राग जागच्या जागी विरघळला.

"राहू दे रे, लक्ष्मण," तो म्हणाला. "रडून काहून राहिला? झालं गेलं ते झालं."

"आ," लक्ष्मणराव म्हणाले.

"समजलं मला. काही बोलू नको. तुझ्या डोळ्यांतच दिसून राहिलं सगळं." शशिकांतनं त्यांना मिठी मारली आणि तोही रडायला लागला. लक्ष्मणरावांना जबड्यापेक्षा या मिठीची वेदना जास्त झाली. न मागितलेली माफी पदरात पडत होती, ती नाकारायची सोय नव्हती, आणि हा भला माणूस आपल्या खांद्यावर फुकटचा रडत होता.

ज्योतीवहिनींचं लक्ष मात्र जिलबीकडे होतं. "अहो, भाऊजी चावून नाही राहिले," त्या म्हणाल्या. "लकवा तर नाही ना आला?"

शेजारच्या भागीरथाबाई आवाज ऐकून आत आल्या, त्यांनी एक नजर टाकली आणि स्वतःची चप्पल काढून लक्ष्मणरावांच्या नाकाला लावली. "झटका आहे. चामड्याचा वास द्या, उतरते." चप्पल चामड्याची नव्हती, पण वास भरपूर होता. लक्ष्मणरावांनी हातानं चप्पल दूर सारली आणि लिहायची खूण केली.

पेन मिळालं. कागद म्हणून ज्योतीवहिनींनी उरलेली एक पत्रिका दिली. आता साधी गोष्ट अशी की 'जबडा निखळला' एवढे दोन शब्द लिहिले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बत्तीस वर्षांची सवय. आकृतीशिवाय उत्तराला पूर्ण गुण नाहीत, असं ज्यानं जन्मभर सांगितलं, त्यानं आधी आकृती काढली. घाईघाईनं काढलेली कवटी. डोळ्यांच्या दोन खोबणी, नाकाचं भोक, दात. मग त्यांनी जबड्याकडे एक बाण काढला, तो घसरून नेमका ताटलीकडे गेला.

ज्योतीवहिनींनी कवटी पाहिली. मग बाण पाहिला. मग जिलबीची ताटली पाहिली.

"अग बाई," त्या बसल्या आवाजात म्हणाल्या. "विजेच्या डब्यावर असते ती खूण. जिलबीत काही होतं काय?"

लक्ष्मणरावांनी जोरजोरात नकाराची मान हलवली. पण माणूस आ वासून, डोळे वटारून मान हलवतो तेव्हा ती झटक्यासारखीच दिसते. भागीरथाबाईंनी पुन्हा चप्पल उचलली.

शशिकांत पांढरा पडला होता. "ज्योती," तो म्हणाला, "मी पण खाल्ली सकाळी."

"तुम्हाला शुगर आहे. किती खाल्ल्या?"

"एक."

"खरं सांगा. जिवाचा प्रश्न आहे."

"चार," शशिकांत म्हणाला आणि पोट धरून खाली बसला. त्याला खरोखरच मळमळू लागलं होतं. भागीरथाबाईंनी मिठाचं पाणी केलं, ते त्यानं तांब्याभर प्यायलं, आणि मग मळमळीला काही वेगळं कारण लागलं नाही.

ज्योतीवहिनींनी दोघांना ऑटोत घातलं आणि नथ्थू ऑटोवाल्याला सदरला, रुचिराच्या दवाखान्यात चलायला सांगितलं. ती तिथे सामान लावत होती. रुचिराचं नाव ऐकताच लक्ष्मणरावांनी ऑटोतून उतरायचा प्रयत्न केला. शशिकांतनं त्यांना घट्ट धरून ठेवलं. "घाबरू नको. आपली पोरगी आहे," तो ओकारी आवरत म्हणाला.

नथ्थूनं आरशात पाहिलं. "बाबूजी को नींद आ रही है क्या? तब से जम्हाई ले रहे हैं."

"भैया, आप सामने देखो," ज्योतीवहिनी म्हणाल्या.

गाडी खड्ड्यांतून उडत चालली होती. प्रत्येक खड्ड्याला जबडा आपसूक बसेल अशी लक्ष्मणरावांना आशा वाटे. रस्ता एरवी इतका वाईट, पण त्या दिवशी कामाचा एक खड्डा त्याच्याकडे निघाला नाही.

दवाखान्याच्या दारात ज्योतीवहिनी अडखळल्या. "खुर्चीची पूजा नाही झाली अजून. मुहूर्त रविवारचा आहे."

"आई, बसव त्यांना," रुचिरा म्हणाली. बापाची नाडी बघून तिनं त्याला बाकावर झोपवलं. "पप्पा, तुम्हाला काही झालं नाही. चार जिलब्यांबद्दल आपण घरी बोलू." मग ती खुर्चीकडे वळली आणि कोण बसलंय ते तिनं पाहिलं.

पत्रिकेवरची कवटी ज्योतीवहिनींनी पुराव्यादाखल आणली होती. रुचिरानं ती बघितली. "जबडा निखळलाय. आकृती बरोबर आहे," ती म्हणाली. तिनं चिमट्यानं जिलबी बाहेर काढली आणि दोन्ही अंगठ्यांना जाळीची पट्टी गुंडाळू लागली. "हे काहून गुंडाळते माहीत आहे ना, सर? जबडा बसता बसता माणूस चावतो. तुमची तर जुनी सवय."

लक्ष्मणरावांनी डोळे मिटले. तिनं दोन्ही अंगठे मागच्या दाढांवर ठेवले, खाली दाबले आणि मागे ढकलले. टक्, टक्. तोंड मिटलं. त्यांनी ताबडतोब ते पुन्हा उघडायला सुरुवात केली, कारण प्रस्तावना तयार होती. रुचिरानं हनुवटीखाली तळहात धरून ते बंद केलं आणि डोक्यावरून पट्टी बांधली.

"बोलायचं नाही. दहा दिवस पट्टी. त्यानंतरही तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही, जांभई आली तर हात लावायचा." लक्ष्मणरावांनी पेनाची खूण केली. "लिहायचं पण नाही," ती म्हणाली. तिनं स्टूल ओढलं आणि समोर बसली. "मी बोलते. तुम्ही ऐका. असा चान्स मला परत नाही भेटणार."

ती हळू आवाजात बोलत होती. "तुम्ही त्या दिवशी घरी गेले, जेवले असाल, झोपले असाल. मी वर्षभर कवटी होते. कॉलनीत, शाळेत, बसस्टॉपवर. 'ए कवटी, अंदर कुछ है क्या?' एकानं बाकावर खडूनं काढली होती, बावीस हाडांची. बायोलॉजी मी मग रागानंच वाचली. त्यासाठी थँक्यू नाही म्हणणार मी, सर. दुसऱ्या कारणानं पण वाचता आली असती." ती थांबली. "आई म्हणते रविवारी चार शब्द बोल. वक्तृत्वात बक्षीस होतं माझं. अकरा वर्षांत माइक धरला नाही. कोणीतरी हसेल असं वाटून राहते."

लक्ष्मणरावांना तीन मुद्दे आठवेनात. सोबत दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ते ऐकत राहिले. या मुलीला शाळेत दोन वर्षं शिकवूनही तिचं सलग इतकं बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आता डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा जबडा दुखत नव्हता.

रविवारी ते पट्टीसकट उद्घाटनाला गेले. ज्येष्ठ शिक्षक म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांनाच दोन शब्द बोलायची विनंती केली. त्यांनी पट्टीकडे बोट दाखवलं. लोक हसले आणि पहिल्यांदाच ते लक्ष्मणरावांवर हसले. त्यांना ते आवडलं नाही, आणि आवडलं नाही हे बरंच झालं असं त्यांना वाटलं. रुचिरा माइकपाशी गेली, "सर्वांचे आभार" म्हणाली आणि परत आली.

दहाव्या दिवशी लक्ष्मणराव एकटेच दवाखान्यात गेले. रुचिरानं पट्टी सोडली, कानापुढे बोटं लावून सांधा तपासला. "बोलून बघा. जपून, हं. दोनच बोटं."

भाषण तीनदा लिहून तीनदा फाडलं होतं. लक्ष्मणरावांनी तोंड जरासं उघडलं.

"चुकलो, बेटा," ते म्हणाले.

एवढंच. त्याला दोन बोटंसुद्धा लागली नाहीत. एका बोटात काम झालं.

रुचिरा पट्टीची गुंडाळी करत होती. ती पुरी करून तिनं ट्रेमध्ये ठेवली. "हे तेव्हाच काहून नाही म्हटलं, सर?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

लक्ष्मणरावांनी सवयीनं हनुवटीखालची पट्टी चाचपली. ती ट्रेमध्ये होती, आणि न बोलायला आता जबड्याची सबबही उरली नव्हती.