पाडव्याचं श्रीखंड आणि उणे चार तास

मी देवदत्त. पोटासाठी कॅनडातल्या मिसिसागाचा सॉफ्टवेअरवाला, पण पिंड डिटेक्टिव्हचा. माझं नाव ऐकताच गुन्हेगार पळ काढतात. आजवर एकही हाती लागला नाही तो त्यामुळेच.

२००७च्या पाडव्याला दुपारी तीनला शेजारच्या सुनंदाताईंचा फोन आला. मी मुलीला, ऊर्मीला, घेऊन धावलो. सहाला मंडळाचं जेवण, साठ पानं, आणि श्रीखंडाचा पार दगड झालेला. फ्रिज भरला म्हणून पातेलं गॅरेजमध्ये ठेवलेलं, आणि कोणीतरी गॅरेजचं दार सताड उघडं टाकलेलं.

"अकरा वर्षं श्रीखंड माझंच असतं हो," सुनंदाताई रडकुंडीला आल्या होत्या. "आज नाक कापलं जाणार. हे ह्यांचंच काम."

"मी सकाळपासून हॉलवर खुर्च्या लावतोय," त्यांचा नवरा संजय म्हणाला.

"कशालाही हात लावायचा नाही," मी बजावलं.

भिंतीवरचा थर्मामीटर उणे नऊ दाखवत होता. मी तासभर त्याच्यासमोर उभा राहिलो. चारला उणे बारा. म्हणजे तासाला उणे तीन. दार बंद असताना गॅरेज शून्यावर असतं. मी उणे बाराला उणे तीनने भागलं. दोन्हीकडे उणे, मग उत्तरही उणेच येणार, त्यात काय विचारायचं? उणे चार.

"दार उणे चार तासांपूर्वी उघडलं," मी जाहीर केलं. "म्हणजेच ते आणखी चार तासांनी, आठ वाजता उघडणार आहे. गुन्हा अजून घडायचाय. आपण दबा धरून बसू."

"आठला आम्ही जेवत असू," संजय म्हणाला.

"मग तुम्ही निर्दोष."

"डॅड," ऊर्मी म्हणाली, "निगेटिव्ह डिव्हायडेड बाय निगेटिव्ह इज पॉझिटिव्ह. ग्रेड सेव्हन मॅथ. दार बाराला उघडलं. हू वॉज होम?"

सगळे सुनंदाताईंच्या सासूबाईंकडे वळले. जयंतीबाई गेल्याच आठवड्यात नागपूरहून आल्या होत्या.

"मीच उघडलं," त्या हळूच म्हणाल्या. "घरातलं सगळ्यात मोठं दार हेच, म्हणून रांगोळी इथंच काढली. सणाच्या दिवशी मोठं दार लावून कसं ठेवायचं? लक्ष्मी परत गेली असती ना. मग तू चिडलीस, आणि मला सांगायची भीतीच वाटली."

मी बूट उचलून पाहिले. रांगोळी तळांना लागली होती.

सुनंदाताईंना हसू फुटलं. "आई, लक्ष्मीचं माहीत नाही, पण उणे बारा मात्र घरात आलं."

"ते माझं चुकलंच," जयंतीबाई म्हणाल्या. "पण मघापासून हे साहेब दार लावू देत नाहीत, ते कशासाठी?"

थर्मामीटर उणे तेरावर आला होता. मी बूट झटकायला दाराबाहेर गेलो. सासूसुनेनं दोन बाजूंनी पातेलं उचललं आणि गरम पाण्यात ठेवायला आत नेलं. जाता जाता ऊर्मीनं दाराचं बटण दाबलं. दार सावकाश खाली आलं आणि मी बाहेर राहिलो.