पाचवा भोपळा

एका जंगलात एक सिंह होता, आणि त्याला लिहायची हौस होती.

बाळांनो, नीट बसा. पाय पोटाशी घ्या. सिंहाला भूक लागते, त्याची जंगलाला सवय असते. भूक लागली की तो एकाला खातो आणि झोपतो. हौस लागली की सगळ्यांनाच भोगावं लागतं.

सिंहाचं नाव प्रचंडकेसर महाराज. त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं. सारखं 'मी, मी' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून सगळीकडे 'तो वीर' असं लिहिलं. वीर जन्मला. वीर गरजला. वीरानं पहिली शिकार केली. याला ते विनय म्हणायचे. मी याला वेगळं काही म्हणते, पण तुम्ही लहान आहात.

पुस्तक पळसाच्या ताज्या पानांवर काढलं आणि घरोघरी वाटलं. दुसऱ्या दिवशी महाराजांनी गव्याला विचारलं, "काय, कसं वाटलं पुस्तक?"

"छान होतं महाराज," गवा म्हणाला. "जरा तुरट होतं."

हरणांना विचारलं. हरणं म्हणाली, "शेवटचा भाग जून निघाला."

महाराजांच्या ध्यानात आलं. सगळ्यांनी पुस्तक खाल्लं होतं.

तेव्हा प्रधान पुढे झाले. प्रधान म्हणजे कोल्हेपंत. "महाराज, हल्ली वाचतं कोण? लोकांना वेळ नाही. लोकांना ऐकवावं."

कोल्हेपंतांनी भोपळे वाळवून घेतले. वीणेला लावतात तसले, आतून पोकळ. त्यात तोंड घालून बोलायचं आणि लगेच मेणानं बूच लावायचं. बोललेलं आत राहतं. बूच काढलं की भोपळा बोलतो. हे कसं होतं ते मला विचारू नका. तुमच्या बापाच्या हातातल्या डबीत एक बाई बसून त्याला रस्ता सांगते. ती आत कशी शिरली, ते मी कधी विचारलंय?

एका प्रकरणाला एक भोपळा, अशी माळ करायची ठरली. आता वाचायचं कुणी?

आधी महाराज स्वतः वाचायला बसले. पहिला भोपळा उघडला. आतून आलं, "वीर जन्मला!" ऐकणारे सगळे झाडावर. गवासुद्धा चढला. गव्याला झाडावर चढता येत नाही, हे त्याला वर गेल्यावर आठवलं. उतरवायला हत्ती बोलवावे लागले.

मग तरसाला बसवलं. वीराची आई वारते, तिथे ते पोट धरून हसलं.

मग पोपटाला बसवलं. उच्चार अगदी स्वच्छ. "वीर जन्मला पूर्णविराम. पान उलटा. पेरू द्या."

शेवटी कुणीतरी शेवंताचं नाव सुचवलं.

शेवंता ही हरणी. तिचं पाडस भारी व्रात्य, निजायचं नाव नाही. त्याला निजवायला ती रोज गुणगुणायची. तिचं पाडस निजायचंच, शेजारच्या ढोलीतली घुबडंही निजायची, आणि मग सकाळी उपाशी उठायची. असा आवाज.

शेवंता थरथरत उभी राहिली. पण बाई डोक्यानं जागी होती. म्हणाली, "महाराज, वाचते. पण मला अभय द्या."

"दिलं."

"कधीपर्यंत?"

महाराज जरा घुटमळले. कोल्हेपंत त्यांच्या कानाशी लागले. महाराज म्हणाले, "राज्यातला प्रत्येक जण आमचं पुस्तक शेवटपर्यंत ऐकेल, तोपर्यंत. राजाचा शब्द आहे. त्यानंतर मग बघू."

सिंहाचं 'मग बघू' म्हणजे काय, ते हरणीला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

शेवंता वाचायला बसली. तपासायला शेजारी कोल्हेपंत बसले. चौथा भोपळा शिकारीचा होता. 'वीरानं झेप घेतली. तिच्या मानेत दात रोवले.' यातली 'ती' म्हणजे शेवंताची सख्खी मावशी. शेवंताचा आवाज कापला. मधे थांबला. नाक ओढल्यासारखं झालं. कोल्हेपंत म्हणाले, "हे नाकाचं काढून टाक." पण तोवर बूच लागलं होतं.

आणि बाळांनो, त्या नाकानंच कमाल केली. भोपळे घरोघर गेले. जंगल हमसून हमसून रडलं. कोल्हेपंतांनी महाराजांना सांगितलं, "प्रजा भारावली आहे." महाराज खूष.

आता ऐकायच्या तऱ्हा ऐका. ससा भोपळा गदागदा हलवून ऐकायचा. हलवला की गोष्ट पळायची. कासवानं 'वीर जन्मला' हे शब्द सकाळी ऐकायला घेतले, दुपारपर्यंत 'वीर' झाला. माकड भोपळा डोक्याला बांधून दुसऱ्याचे आंबे तोडायचं, आणि कुणी हटकलं तर म्हणायचं, "श्श, ऐकतोय." मोरानं तर माळ गळ्यात घातली. बूच काढलंच नाही. माळ पिसाऱ्याला शोभत होती, मग ऐकायचं कशाला?

खरं ऐकायची ती एक झिपरीआत्या. ही म्हातारी अस्वलीण. केस डोळ्यांवर, तोंड तिखट. जंगलात तिच्याशी वाद घालायला कुणी जात नसे, आणि गेलाच तर तीच पुढे येऊन भेटत असे. ती भोपळा कानाला लावून त्याच्याशीच भांडायची.

"वीर निघाला," भोपळा म्हणायचा.

"अरे कुठे? सांगशील का नीट?"

"वीर पूर्वेकडे निघाला."

"हां. असं सांगावं."

चौथ्या भोपळ्याला मात्र तिचं तोंड मिटलं. हातातला मध मुंग्या घेऊन गेल्या, तिला कळलं नाही. संपल्यावर तिनं डोळे पुसले आणि सगळ्या पाणवठ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पुस्तक रद्दी आहे. आवाज सोन्याचा आहे. मेल्यांनी रद्दीत सोनं बांधून दिलंय!"

पण पाचवा भोपळा लावला की आत्या झोपायची.

पाचवा वंशावळीचा होता. वीराचे आजोबा, त्यांचे वडील, त्यांचे काका. आत्या तीन-चार पूर्वज ऐकायची आणि घोरायची. उठून पुन्हा लावायची, पुन्हा घोरायची. आडव्यानं ऐकून झालं, बसून ऐकून झालं, ओढ्यात गळाभर पाण्यात उभं राहून ऐकून झालं. तिथे तर बुडता बुडता वाचली. म्हणाली, "वय झालं गं बाई माझं," आणि बुद्धी तल्लख व्हावी म्हणून कडू मुळ्या चावायला लागली.

इकडे पाणवठ्यावर सगळ्यांना एकच चाळा लागला होता. भेटला की विचारायचं, "मग, तुमचं कुठवर आलं?"

"माझं झालं!" ससा म्हणायचा.

"माझं दोनदा," मोर म्हणायचा.

"आम्ही तीनदा ऐकलं," कोल्हेपंत डोळे मिटून म्हणायचे. "काय तो शेवट! अहाहा!"

"काय आहे शेवट?" आत्यानं विचारलं.

"शेवट सांगायचा नसतो आत्याबाई. ऐकणाऱ्याची मजा जाते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मोरानं तर डोळे पुसले.

शेवंता बाजूला पाणी पीत असायची. कुणी 'झालं' म्हणालं की तिचा एक कान पडायचा. एक 'झालं' म्हणजे तिचा एक श्रोता कमी. शहाणं दिसायच्या नादात सगळे मिळून तिचा गळा कापत होते, आणि एकालाही ते सुचत नव्हतं. सुचलं असतं तरी मोरानं 'दोनदा'चं 'एकदा' केलं नसतं. मोर मला ठाऊक आहेत.

एके दिवशी महाराजांनी दरबार भरवला. त्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

"झालं सगळ्यांचं ऐकून?"

"झालं!" दरबार गरजला.

महाराजांनी मिशांवरून जीभ फिरवली. "शेवंता, पुढे ये. मग बघू म्हणालो होतो ना? आता बघू."

शेवंता पुढे आली. तिचं पाडस मागून येत होतं, त्याला तिनं पायानं मागे सारलं.

"माझं व्हायचंय!" मागून आवाज आला.

झिपरीआत्या गर्दीतून वाट काढत येत होती. "पाचव्यात झोप लागते मला. किती वेळा लावलं तरी लागते. काय करायचं ते करा."

दरबार खो खो हसला. तरस सर्वांत जास्त.

"आत्याबाई," कोल्हेपंत म्हणाले, "वय झालं आता तुमचं."

"माझं वय गेलं, तुझी लाज गेली. बघ, कुणाचं जास्त गेलंय ते!"

महाराजांनी पंजा आपटला. पण राजाचा शब्द होता. "ठीक आहे. हिला आत्ता इथे ऐकवा. आमच्यासमोर. चौथ्यापासून लावा, म्हणजे हिला संदर्भ लागेल. हिचं झालं की आम्ही जेवू."

चौथा भोपळा उघडला.

आता गंमत बघा. महाराजांनी आपलं पुस्तक कधी ऐकलंच नव्हतं. लिहिणाऱ्याला कशाला ऐकायला हवं? त्याला वाटतं, आपल्याला माहीत आहे. भोपळ्यातून शेवंताचा कापरा आवाज आला. वीरानं झेप घेतली. तिच्या मानेत दात रोवले. मग तो थांबलेला श्वास. मग ते नाक.

महाराजांचा खालचा ओठ थरथरला. आयाळीवर टपटप पाणी पडायला लागलं. ते ताडकन उठले.

"कोण हा वीर? कोण हा दुष्ट? धरून आणा त्याला!"

गव्यानं हळूच जवळच्या झाडाकडे पाहिलं.

"प्रधान! कोण आहे तो?"

कोल्हेपंतांना घाम फुटला. "महाराज, तो… तो पुढच्या भोपळ्यात सापडतो."

"मग लावा पुढचा! लवकर!"

पाचवा उघडला. शेवंताचा आवाज बदलला. मऊ झाला, संथ झाला. "वीराचे आजोबा भीमकेसर… भीमकेसरांचे वडील उग्रकेसर… उग्रकेसरांचे धाकटे भाऊ…"

आत्या पडली. तिच्यावर गवा पडला. तरस हसता हसता पेंगलं. सशानं भोपळा हलवायला हात उचलला, तो तसाच राहिला. महाराजांची मान पंज्यांवर टेकली. पाडसानं आईच्या पोटात डोकं खुपसलं. एक शेवंता तेवढी जागी होती.

ऊन कलल्यावर महाराजांना जाग आली. पहिला प्रश्न, "सापडला का तो?"

"अं? नाही महाराज," कोल्हेपंत डोळे चोळत म्हणाले.

"तुला तर ठाऊकच असणार. तू तीनदा ऐकलंस. कोण होता तो, आणि शेवटी त्याचं काय झालं? सांग."

बाळांनो, आता कोल्हेपंतांनी काय सांगावं? 'महाराज, तो वीर म्हणजे आपणच' म्हणावं, तर रात्रीचं जेवण पंतच. भलत्याचंच नाव घ्यावं, तर तो भलता समोरच बसलेला. पंतांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग मान खाली घातली.

"महाराज, खरं सांगू? मलाही पाचव्यातच झोप लागते."

"मलाही," ससा म्हणाला.

"आम्हालाही," हरणं म्हणाली.

"मी बूच काढलेलं नाही," मोर पायांकडे बघत म्हणाला.

"माझा वीर अजून जन्मतोय," कासव म्हणालं. "संध्याकाळपर्यंत होईल मोकळा."

महाराजांची आयाळ उभी राहिली. "म्हणजे? राज्यात एकानंही आमचं पुस्तक पुरं ऐकलेलं नाही?"

शेवंतानं डोळे मिटून घेतले.

"आवाज खाली," झिपरीआत्या अंग झाडत उठली. "तुमचं तरी कुठे झालंय? माझ्याआधी घोरलात का नंतर, ते विचारा हवं तर या शेवंताला."

महाराज खाली बसले. म्हणाले, "त्या दुष्टाचं पुढे काय झालं ते कळल्याशिवाय आम्हाला हरणाचा घास जायचा नाही. उद्या पुन्हा लावा. चौथ्यापासून."

तेव्हापासून रोज दुपारी दरबार भरतो. चौथ्याला महाराज रडतात आणि 'धरून आणा' म्हणतात. पाचव्याला सगळे झोपतात. राजाचा शब्द शाबूत आहे. शेवंताही शाबूत आहे.

एकदा पाणवठ्यावर शेवंता आत्याजवळ सरकली. हळूच म्हणाली, "आत्या, तुमच्यापाशी एक बोलायचंय. पाचवा मी पाडसाला निजवते तसा वाचलाय. मुद्दाम."

आत्यानं हातातली कडू मुळी लांब भिरकावली. "मेले! आणि मी समजत होते, माझं वय झालं!"

"रागावलात?"

"रागावले. फार रागावले." आत्यानं तोंडातला कडूपणा थुंकला. मग तिच्या कानाशी तोंड नेलं. "आता मला तरी सांग. सहाव्यात काय आहे? शेवट कसा आहे?"

"सहाव्यात काही नाही, आत्या. पाचवा वाचताना कोल्हेपंत शेजारीच घोरायला लागले. मग पुढच्या सगळ्या भोपळ्यांना मी नुसतं मेण लावलं."

आत्या इतकी हसली, की ओढ्यातले मासे तळाला गेले. तेवढ्यात पलीकडून कोल्हेपंत एका नव्या हरणाला सांगताना ऐकू आले, "शेवटाला जरा घाई झाल्यासारखी वाटते. पण एकंदरीत अहाहा!"

तात्पर्य: मन लावून ऐकू नये. शेवटपर्यंत तर मुळीच ऐकू नये, एखाद्या गरिबाचा जीव जातो. तुम्ही इतका वेळ डोळे ताठ करून ऐकलंत, हे काही चांगलं लक्षण नाही. झोपा आता.