एलियाकाकांचे सोमवार-गुरुवार

एलियाकाका कुणाचं भलं करायला निघाले, की आधी बजावायचे, "नवस नाही हं!"

"उद्या तुला सायकलवर कमानिया गेटला सोडतो. नवस नाही हं!" आईसाठी बाजारातून भाजी आणली, तरी पिशवी हातात देण्याआधी हेच. त्यांच्या धर्मात म्हणे चांगली गोष्ट नेमानं करत राहिलं, की तिचा नवस होतो आणि मग ती मनात येईल तेव्हा सोडता येत नाही; सोडवायला धर्मातलीच तीन माणसं बसवावी लागतात. म्हणून काका आधीच मोकळे व्हायचे.

काका कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. जबलपूरच्या कारखान्यात लोहारभट्टीवर होते आणि चेरीतालला आमच्या समोर राहायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण कायदा वेगळा, रिवाज वेगळा आणि माणसाची खोड वेगळी, हे मला कॉलेजच्या आधी काकांनी शिकवलं. शनिवारी चूल पेटवायची नाही, हा कायदा. मंगलप्रसंगी पोहे-खोबऱ्याचा मलिदा, हा रिवाज. वांगं खायचं नाही, ही त्यांची खोड.

आईनं मात्र वांगं थेट धर्मात नेऊन बसवलं होतं. काका जेवायला येणार असले, की ती विळीसुद्धा घासून घ्यायची.

"वहिनी, देवाची वांग्याबद्दल काही तक्रार नाही! मलाच आवडत नाही."

"धर्म आहे तुमचा भावजी, लाजून काहून राहिले?"

मग लढाई आली. काकांचा जोएल आणि माझा मोठा भाऊ वामन, दोघंही फौजेत मेकॅनिक म्हणून ब्रह्मदेशाकडे गेले. काही महिन्यांनी दोघांचीही पत्रं थांबली. काकांनी सोमवार-गुरुवारचा उपास धरला.

सोमवार आईचाही असे. ती साबुदाण्याची खिचडी घेऊन गेली. काकांनी हात जोडले.

"उपासाला साबुदाणाही नाही?"

"पाणीसुद्धा नाही, वहिनी."

"बाप्पा! भट्टीपुढं पडाल ना! हा कायदा आहे तुमचा?"

"नाही. जुने लोक आपखुशीनं धरायचे."

"मग 'नवस नाही' म्हणाले होते ना सुरुवातीला?"

काका टोपी काढून पुसत बसले. "तेवढं म्हणालो नव्हतो."

लढाई संपली आणि जोएल परत आला, वाळलेला पण धडधाकट. काकांनी अख्ख्या गल्लीला मलिदा वाटला. "वांगं वर्ज्य हं!" असं आईनं पुन्हा एकदा गल्लीला बजावलं.

पुढच्या गुरुवारी आई गरम पोहे घेऊन गेली. मीही सोबत होतो. जोएल तिथंच बसला होता. काकांनी ताट बाजूला सारलं.

"अच्छा, नवस सोडवायला तुमची तीन माणसं लागतात ना? चलो, मुंबईला जाऊन सोडवून या. पोरगा तर आला!"

"माणसं मिळतील, वहिनी."

"मग काहून उपाशी राहून राहिले?"

काका जोएलकडे बघेनात. खालच्या आवाजात म्हणाले, "वामन कुठं आलाय अजून?"

आईनं ते ताट उचललं आणि जोएलपुढं ठेवलं.

"तू खा रे बाळा," ती म्हणाली. "गरम आहेत."