भूपालअण्णांचे गुडघे

आमच्या गल्लीत कुणाचं काही दुखायला लागलं की डॉक्टरच्या आधी भूपालअण्णा येतात. न बोलावता. खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "दुखतंय हितं. पण लागलंय कुठं?"

अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या पंपाची मोटार जळाली तर बहुतेक वेळा दोष मोटारीचा नसतो, लाइनीचा असतो, हे ते जन्मभर बघत आले. माणसालाही त्यांनी तोच नियम लावून टाकला. पोट बिघडलं म्हणजे बोलायचं ते गिळलंय. मान आखडली म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी वळून वळून बघितलीय. माझी कंबर धरली तेव्हा माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "सूनबाई, तुमच्या म्हायेरचं कोण येणार हाय काय?"

मेहुणा येणार होता. तो परत गेला आणि कंबर सुटली. घरात मी हे अजून कबूल केलेलं नाही.

कोपऱ्यावरच्या शोभाकाकू एकदा औषधाच्या दुकानात पित्ताची गोळी घेत होत्या. भर गर्दीत अण्णा म्हणाले, "गोळी नगो. जावंला फोन करा आन् भांडण मिटवा." काकूंनी जावेला सोडलं आणि अण्णांशीच भांडण काढलं. पार दुकानातून रस्त्यावर आलं. दुसऱ्या दिवशी काकूंना चक्क बरं वाटलं. अण्णा म्हणाले, "बगा. निघालं का न्हाय?"

या शास्त्राला अपवाद एकच, खुद्द अण्णांचे गुडघे.

"त्ये गुडघंच हायत," ते म्हणतात. "वय झालं, झिजलं. तिथं मनबिन काय न्हाय."

हे झिजलेले गुडघे बाहुबलीच्या दर्शनाला अख्खा डोंगर सगळ्यांच्या आधी चढतात. दुखतात ते फक्त घरचा जिना दिसला की. सुशीलाअक्का, म्हणजे अण्णांची बायको, आजारपणात शेवटपर्यंत वरच्या खोलीत होत्या. त्या गेल्यापासून अण्णा वर गेलेले नाहीत. वरचं काही लागलं तर मी आणून देतो. घराची एक किल्ली माझ्याकडेच असते, कारण रोज दिवेलागणीला वरच्या खोलीतला दिवा लावायचं कामही त्यांनी मला सांगितलंय. "गल्लीला अंधार बरा दिसत न्हाय," एवढंच कारण दिलं. अण्णा दुकानातून यायच्या वेळेला अक्का तो दिवा लावून खिडकीत बसायच्या, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

गेल्या आठवड्यात आजऱ्याला लग्नाला गेलो होतो. परत यायला उशीर झाला. बघतो तर अण्णा डब्याची पिशवी मांडीवर घेऊन स्वतःच्याच दाराबाहेर पायरीवर बसलेले.

"आत नाही गेला अण्णा?"

"जातो की. घाई काय हाय? गुडघं लई धरल्यात आज."

वर खिडकीत अंधार होता.

दुखतंय हितं, पण लागलंय कुठं? अगदी ओठांवर आलं होतं. सबंध गल्लीच्या वतीनं उट्टं काढायची अशी संधी पुन्हा आली नसती. पण मला बोलवेना. गिळलं. उद्या पोट बिघडणार हे समजूनच गिळलं.

कुलूप काढून वर गेलो, दिवा लावला आणि खिडकीतून खाली बघितलं. अण्णा उठले होते. पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, जराही न लंगडता. तिथून वळले आणि आत्ताच दुकानातून येत असल्यासारखे, खिडकीकडे बघत, सावकाश घरी आले. दारात चपला काढल्या. जिन्याच्या तळाशी क्षणभर थांबले.

"आलो गं," म्हणाले.

मी श्वास रोखून दिव्याखाली उभा होतो. अण्णा स्वयंपाकघरात गेले, डबा घासल्याचा आवाज आला, तरी मला जिना उतरता येईना.

माझे गुडघे तसे चांगले आहेत.