आश्रुबा नानांची डुलकी

आमचे आश्रुबा नाना झोपेत शिट्टी वाजवतात. कबड्डीचे पंच म्हणून खुर्चीवर बसले, शिट्टी तोंडात धरली, की पाचव्या मिनिटाला त्यांचा डोळा लागतो. मग घोरण्याबरोबर शिट्टीही वाजते आणि चढाईवरचा गडी मधेच थांबतो. तक्रारीची सोय नाही. नानांचा नियमच आहे: "वाजली म्हंजी वाजली."

नाना आमच्या दूध संस्थेचे सचिव. दुष्काळात संस्थेनं चारा छावणी उघडली आणि चार गावांची माणसं जनावरांपाठोपाठ तिथं मुक्कामाला आली. रिकामी डोकी भांडू नयेत म्हणून नानांनी कबड्डीच्या स्पर्धा लावल्या. नियमावली त्यांनीच लिहिली, आणि ती कुणाच्या बापाला कळली नाही. मैदानावर मारायला पाणी नाही, तेव्हा धुळीत रेषा बुजली तर पंच बोट दाखवील तिथं रेषा. जिंकलेला संघ पुढच्या फेरीत, हे ठीक. पण हरलेल्यानं दुसऱ्या हरलेल्याशी खेळायचं, एकदा तरी जिंकेपर्यंत. शेवटी जो उरेल त्याची गाठ थेट आमच्या संचालक मंडळाशी! साठीच्या पुढचे सात संचालक, त्यातल्या तिघांचे गुडघे गेलेले. त्यांच्याकडून आजवर कुणी हरलेलं नाही.

मी संस्थेत दुधाचं फॅट तपासतो, त्यामुळे नानांच्या शेजारी रोजचं बसणं. एकदा विचारलं, "नाना, हरलेल्यांचा एवढा लाड कावून?"

"जिंकलेल्याला समदे इचारतेत. हरलेल्याला कोण इचारतंय? एक डाव तरी जिंकून जाऊ दे बे."

या खेपेला अंतिम सामन्यातच शिट्टी घोरली आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याची चढाई बुडाली. अध्यक्ष उखडले. "नाना, डॉक्टरचा कागद आणा. झोपंचा आजार निघाला तर शिट्टी दुसऱ्याला." नानांचा चेहरा असा उतरला की बघवेना.

आम्ही दोघं जीपनं अंबाजोगाईला गेलो. तपासणी दिवसाच होती. डोक्याला तारा लावायच्या, थोड्या थोड्या वेळानं चारदा झोपवायचं आणि डोळा किती लवकर लागतो ते पाहायचं. "किती डुलक्यांना गडी बाद?" नानांनी डॉक्टरबाईंना आधी नियम विचारून घेतले. आणि नवल बघा, भरल्या जीपमध्ये बसल्या बसल्या झोपणारा हा माणूस त्या गार, शांत खोलीत चारही वेळा टक्क जागा!

मग बाईंनी एक फॉर्म काढला. "हा शेजारी झोपणाऱ्यानं भरायचा. घरी घोरतात का? श्वास अडकतो का?"

नानांनी तारांसकट मान हलवून फॉर्म परत केला.

"सांगणारी गेली, बाई. तीन वर्सं झाली. घर लई गप हाय. तितं डोळाच लागत न्हाई. मानसांचा गलका आसला की झोप येती."

रोज शेजारी बसून मला हे ठाऊक नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

बाईंनी लिहून दिलं की आजार दिसत नाही, झोप पुरी होत नाही. तो कागद अध्यक्षांच्या हाती देताना मी बाकीचंही सांगितलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

"शिट्टी नानांकडंच राहू द्या," ते म्हणाले. "फक्त तोंडात नको, गळ्यात. गुण बघायला दुसरा पंच लावू."

हे छावणीभर कळलं. आता नानांची मान कलली की मैदानाभोवती कुणी गप्प होत नाही, उलट सगळे दुप्पट ओरडतात. पंचाला झोप लागावी म्हणून चार गावं घसा फोडतात, असं मैदान साऱ्या बीड जिल्ह्यात दुसरं दाखवा.