मंद्रूपच्या पलीकडे

निवृत्त भूगोल शिक्षक यज्ञेश्वररावांच्या जुन्या गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा दुसऱ्यांदा लागला, तोही सोलापूर-विजापूर रस्त्यावरच्या मंद्रूप गावातच. गाडीत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी असा सगळा संसार होता. जन्मभर पोरांना नकाशावर बदामी दाखवणाऱ्या नवऱ्याने ती एकदा आपल्यालाही दाखवावी, एवढीच इंद्रायणीबाईंची इच्छा. पण दिवा दिसला की यज्ञेश्वरराव गाडी वळवत, आणि सहलीच्या शेंगापोळ्या सोलापुरात घरच्याच ओट्यावर संपत.

सिद्रामप्पा मिस्त्रीने आधी हवेचा सेन्सर बदलला, मग सायलेन्सरचा. तिसऱ्या खेपेला मात्र तो हट्टाला पेटला आणि निघायच्या वेळी स्वतःच अंगणात येऊन उभा राहिला. यज्ञेश्वररावांनी बॉनेट उघडलं, नारळ फोडला आणि त्यातलं पाणी भक्तिभावाने थेट इंजिनावर ओतलं.

सिद्रामप्पाने कपाळाला हात लावला. "मास्तर, ह्ये दर बारीला करता व्हय?"

"न चुकता. तुम्हीच सांगितलं होतं की, गाडी नीट झाली की नारळ फोडा."

"चाकाम्होरं फोडा म्हनलं की. सेन्सरला आंघोळ घाला न्हाय म्हनलं."

त्याने भिजलेल्या वायरी पुसून कोरड्या केल्या, चाकापुढे दुसरा नारळ फोडायला लावला आणि गाडी वाटेला लावली. मंद्रूप आलं. दिवा लागला नाही. इंद्रायणीबाईंना इतका आनंद झाला की त्या चक्क गुणगुणू लागल्या. यज्ञेश्वररावांनी मात्र गाडी कडेला घेतली.

"दिवा लागला नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे आता दिवाच गेला. आत काय बिघडलंय ते कळायचंसुद्धा नाही. परत जाऊ या."

इंद्रायणीबाई पर्स घेऊन खाली उतरल्या, मागून येणाऱ्या विजापूरच्या बसला हात केला आणि चढून बसल्यासुद्धा.

यज्ञेश्वररावांची पाचावर धारण बसली. बायको आजवर त्यांना न सांगता कोपऱ्यावरच्या दुकानातही गेली नव्हती. त्यांनी गाडी बसच्या मागे घातली. बस थांबली की हे थांबत, बस सुटली की हेही सुटत. भीमेचा पूल कधी गेला ते त्यांना कळलं नाही. नजर फक्त त्या बसच्या पाठीवर.

विजापूरच्या स्टँडवर इंद्रायणीबाई सावकाश उतरल्या आणि गाडीत येऊन आपल्या जागेवर बसल्या.

"वाटेत दिवा लागला का हो?"

घाम पुसत यज्ञेश्वररावांनी विचारलं, "कुठला दिवा?"

इंद्रायणीबाईंनी काच खाली केली आणि एका रिक्षावाल्याला बदामीचा रस्ता विचारला.